जुन्या कानाचा ठराव

सभेपुढे ठराव आला आणि कारभाऱ्यांच्या हातातला चहा हातातच राहिला. ठराव एका ओळीचा होता: कारभाऱ्यांकडच्या सगळ्या चाव्या काढून घ्याव्यात.

कारभारी हे नाव त्यांना सभेतल्या मंडळींनीच दिलेलं. समोरचा माणूस बोलेल ते लगेच पडद्यावर अक्षरांत उमटवणारा, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा एक प्रोग्रॅम त्यांनी घरबसल्या सुरू केला आणि बघता बघता त्याला हौशी माणसांची फौज येऊन मिळाली. एक दंतवैद्य, एक बसचालक, एक निवृत्त टायपिस्ट बाई, आणखी कितीतरी. पगार नाही, बढती नाही, तरी पगारी माणसांपेक्षा हिरिरीनं भांडायची. पुढे काय करायचं आणि काय टाकून द्यायचं, ते दर रविवारी लॅपटॉपवर सभा भरवून सगळ्यांनी मिळून ठरवायचं. चावी म्हणजे केलेला बदल लोकांपर्यंत सोडायची मुभा. त्या सगळ्या कारभाऱ्यांकडे होत्या आणि त्यापायी त्यांना कधी गरम जेवताना कुणी पाहिलं नव्हतं.

ठराव मांडणारा होता 'जुना कान'. याला कुणी पाहिलेलं नव्हतं. टोपणनावानं लेखी तक्रारी करायचा, तीही बहुतेक एकच: अक्षरं मोठी करा. कारभाऱ्यांनी त्याच्याशी महिनोन्महिने वाद घातला आणि शेवटी हात टेकून अक्षरं पडदाभर मोठी होतील अशी सोय करून दिली. आज तोच उलटला होता. कारभाऱ्यांना मनापासून वाईट वाटलं.

ते बोलायला गेले तर सभा चालवणाऱ्या दंतवैद्यानं अडवलं. ज्याच्याबद्दल ठराव, त्यानं शेवटी बोलायचं, हा नियम कारभाऱ्यांनीच केलेला होता. त्यांनी तोंड मिटलं. समोरच्याला तोंड मिटायला सांगायची वेळ दंतवैद्यावरही पहिल्यांदाच आली असावी.

नियम आणखी एक होता. पाठिंबा द्यायचा तर नुसती मान डोलवून भागत नसे, कामाचा वाटा उचलावा लागे. बसचालकानं आलेल्या तक्रारी निस्तरायचं काम घेतलं. टायपिस्ट बाईंनी नवा बदल तपासून बघायचं घेतलं. चाव्या आपण सांभाळू, असं दंतवैद्य म्हणाला. डोळ्यांदेखत कारभाऱ्यांचा मांडलेला संसार वाटला जात होता. कुणाच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागत होतं.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भांडी पुसून जागेवर लावत होती.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "ठराव माझा नाही."

मग दंतवैद्यानं जुन्या कानाला कारण सांगायला बोलावलं.

आवाज आधी भिंतीपलीकडून आला आणि मग क्षणभरानं लॅपटॉपमधून. पलीकडची खोली सासऱ्यांची होती. ऐकू येईनासं झाल्यावर लेकीनं त्यांना इथे आणलं होतं, आणि त्यांच्याशी बोलता यावं म्हणून तर जावयानं हा सगळा खटाटोप मांडला होता.

"जावईबापू गुणी आहेत," दोन्हीकडून ऐकू आलं. "रोज सकाळी न चुकता येतात. एक, दोन, तीन म्हणतात. बाबा, दिसतंय का, विचारतात. मी म्हणतो, दिसतंय. की निघाले बदल करायला. इतक्या वर्षांत आमचं बोलणं याच्यापुढे गेलेलं नाही. प्रोग्रॅम झकास झालाय. आता तेवढा माणूस मोकळा करा."

बसचालक उगाच खाकरला.

"कारभारी, आता तुम्ही," दंतवैद्य म्हणाला.

कारभाऱ्यांनी मनातल्या मनात चांगली चार मुद्द्यांची कैफियत रचून ठेवली होती. ती तिथेच राहिली. ते उठले आणि पलीकडच्या खोलीत गेले. सासरे खाटेवर ताठ बसले होते. सभेसाठी त्यांनी केस नीट विंचरले होते आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. मांडीवर टॅब होता. आपण याच माणसाशी महिनोन्महिने भांडत होतो, या विचारानं कारभाऱ्यांना रागवावं की हसावं ते कळेना. ते समोरच्या स्टुलावर बसले.

"बाबा," ते म्हणाले. टॅबवर शब्द उमटला. "दिसतंय का?"

सवयीनं तोंडातून गेलंच, आणि तेही उमटलं. भिंतीपलीकडे लॅपटॉपमधून सभा खो खो हसली. बाबांना ते ऐकू आलं नाही, पण ते स्वतःच हसले.

"दिसतंय," ते म्हणाले. "पुढचं बोला."

पुढचं बोलायची वेळ आजवर आलीच नव्हती. मग बाबा राहायला आले त्याच दिवशी जे विचारायला हवं होतं, ते कारभाऱ्यांनी आत्ता विचारलं.

"तुम्हाला इथे करमतं का?"

बाबांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"अक्षरं जरा मोठी करा," ते म्हणाले. "नीट दिसत नाहीये."

कारभाऱ्यांचा हात सवयीनं पुढे गेला आणि तिथेच थांबला. टॅबवर तेवढा एकच प्रश्न होता, या काठापासून त्या काठापर्यंत. त्याहून मोठं अक्षर प्रोग्रॅममध्ये नव्हतंच.