दोन शब्द नवऱ्याचे

“...ती जात्यावर ओव्या गुणगुणते, तुळशीपुढे सांजवात लावते आणि सावलीसारखी माझ्या मागे उभी राहते.” विनायकरावांनी मोबाइलवरून घसा खाकरून वाचलं आणि दाद मिळेल म्हणून बायकोकडे पाहिलं.

“जातं?” सुनीतीबाईंचा पदराला पिन लावणारा हात तसाच थांबला. “आपल्या चौबे कॉलोनीत कुठं पाह्यलं तुमी जातं?”

येत्या शनिवारी शहरातल्या मराठी मंडळात सुनीतीबाईंचा सत्कार होता. या हिंदी मुलखातल्या शहराबाहेर, उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या वऱ्हाडी माणसांची पोरं गावच्या आजीशीही हिंदीत बोलायला लागली होती. त्यांच्यासाठी सुनीतीबाई दर रविवारी तिथं जाऊन मराठीचा वर्ग घेत, गेली अकरा वर्षं. आणि मंडळाची रीत अशी, की बाईचा सत्कार असला तर दोन शब्द नवऱ्यानं बोलायचे. ते दोन शब्द विनायकरावांनी एआयच्या गळ्यात घातले होते.

“तू भी तर वापरतेच ना ते,” ते कुरकुरले. “मी वापरलं तर काहून चिडून राहिली?”

“हव, वापरते. पण माझ्या वर्गातले पोट्टे आधी आपल्या मनानं लिहितात. मंग त्याले म्हणतात, काय सुटलं ते विचार. तुमी काय सांगितलं त्याले?”

“पत्नीच्या सत्काराचं भाषण लिहून दे.”

“बस? माझं नाव तरी सांगितलं का?”

विनायकराव उगाच मोबाइलची काच पुसू लागले. सुनीतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या यंत्रावर चिडून काय उपयोग? जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यानं कुठली तरी बाई उभी केली. पण आयुष्यभर त्यांच्या हातचं जेवलेला माणूस ती परकी बाई खुशाल मंडळात वाचून दाखवायला निघाला होता!

त्यांनी मोबाइल ओढून घेतला आणि तोंडासमोर धरून बजावलं, “हे सगळं खोटं आहे, फेकून दे. माझ्या वर्गाबद्दल माझ्या नवऱ्याले एकेक प्रश्न विचार. ते सांगतील तेवढंच लिहायचं. मनचं काही घालायचं नाही.”

पडद्यावर प्रश्न उमटला: ‘त्यांच्या वर्गात तुम्ही शेवटचं गेलात, तेव्हा काय पाहिलंत?’

विनायकरावांनी तो दोनदा वाचला. मग आशेनं मान वर केली.

“माझ्याकडं काय पाहून राहिले? तुमाले विचारलं त्यानं.”

“अगं, मी कधी गेलोच नाही. काय लिहू?”

“तेच लिहा.”

त्यांनी एका बोटानं लिहिलं, ‘कधी गेलो नाही.’ लगेच उत्तर आलं: ‘हरकत नाही. एकदा जाऊन या, मग लिहू.’

हरकत नाही म्हणे! सुनीतीबाईंना आणखीच राग आला. नवरा वर्गाला आला नाही तरी हरकत नाही, हरकत नाही म्हणत त्यांनी स्वतःच तर एवढी वर्षं काढली होती.

आज रविवार; सुनीतीबाईंना वर्गाला न्यायला आलेल्या ऑटोचा खाली हॉर्न वाजला. विनायकरावांनी मोबाइल खिशात टाकला, पायात चपला सरकवल्या आणि न विचारताच बायकोच्या पाठोपाठ जिना उतरले. ऑटोत पाय ठेवता ठेवता ते थबकले.

“उरल्यात नेमका कुठं भरतो गं तुझा वर्ग?”

सुनीतीबाई आत सरकल्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “ऑटोवाल्याले माहीत आहे.”