पेशीला निरोप

जोतीराममामांनी बर्फाचा डबा प्रयोगशाळेतल्या पूर्णिमाच्या टेबलावर ठेवला आणि बुडाचं पाणी तिच्या वहीवर पसरलं. जनावरांच्या लसी ठेवायचा डबा तो. गावातल्या दूध संस्थेच्या डॉक्टरांकडून मागून आणलेला. बिद्रीपासून कोल्हापूरपर्यंत एसटीत मामांनी तो मांडीवर धरला होता.

"गारच ठेवाय लागतंय म्हणं ते औषध," मामा म्हणाले. "म्हणून डबाच घिऊन आलो."

"कसलं औषध, मामा?"

मामांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून उलगडलं. 'कोल्हापूरच्या कन्येने मारल्या कॅन्सरच्या पेशी.' खाली प्रयोगशाळेत हसणारी पूर्णिमा. ती बातमी तिनंच घरच्या ग्रुपवर टाकली होती. मथळा जरा जास्तीच झालाय, एवढं लिहायचं तेवढं राहिलं होतं.

अंबूमामींच्या पोटातला गोळा आता काढण्यापलीकडं गेलाय, असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं होतं. दहावीपर्यंत पूर्णिमा त्याच मामींच्या हातचं खाऊन वाढली होती.

तिनं फ्रीजर उघडला आणि बोटाच्या पेराएवढी नळी मामांच्या हातावर ठेवली.

"बातमीतलं ते हेच."

मामांनी नळी उजेडात धरली. "ह्यात काय न्हायच की."

"आहे. डोळ्याला दिसणार नाही इतकं थोडं आहे. आपल्या सगळ्यांच्या अंगात हे प्रथिन असतंच, मामा. बिघडलेल्या पेशीला ते निरोप देतं, तुझं काम संपलं, आता मर. मग ती पेशी आपली आपण मरते. हे आम्ही जिवाणूंकडून तयार करून घेतलंय. पण आहे माणसाचंच."

"मग दे की. आजच टोचून घेतो तिला."

"माणसाला द्यायचं नाही हे. नुसतं संशोधनासाठी आहे. नळीवर तसं लिहिलंय."

मामांनी नळी डोळ्यांजवळ नेली. इंग्रजी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"माणसाचंच हाय म्हणतीस, आणि माणसालाच चालत न्हाय?"

"काचेच्या ताटलीत पेशी मरतात, मामा. अंगात गेलं की हे तासाभरात निघून जातं. बाहेरच्या देशांत माणसांना देऊन बघितलंय. फारसा गुण आला नाही."

"तिचं वाईट व्हायचं काय ऱ्हायलंय आता? दे तू. मी कुणाला सांगत न्हाय."

नळी मामांच्या मुठीत गेली होती. घेऊन जाऊ देत, असं क्षणभर पूर्णिमाला वाटलं. मग डोळ्यांपुढं मामींचा दंड आला आणि गावातून कुणाला तरी बोलावून आणून भरलेली सुई. तिनं हात पुढं केला.

"ह्यानं मामी बऱ्या होणार नाहीत. तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही."

मामांनी मूठ उघडली. नळी गरम झाली होती.

"म्हंजे पेपरात छापलंय ते खोटं?"

"नाही. पेशी खरंच मरतात. दाखवू?"

तिनं सूक्ष्मदर्शकाखाली ताटली सरकवली आणि मामांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून त्यांनी दुसरा लावला. बराच वेळ त्यांना काही दिसेना. मग दिसलं. आक्रसलेल्या पेशी, रटरटत्या भातावर येतात तसे फुगे आलेल्या.

"ह्या मराय लागल्यात व्हय?"

"हो. काल संध्याकाळी निरोप दिला त्यांना."

"धडपड न्हाय, काय न्हाय," मामा पुटपुटले. मग म्हणाले, "आणि ह्या कडंच्या चार-पाच? ह्या हाय तशाच हायत."

"त्या ऐकत नाहीत. का ऐकत नाहीत, तेच मी शोधतेय."

मामांनी भिंगावरचा डोळा हलवला नाही.

पूर्णिमाचा फोन वाजला. अंबूमामींचा होता. ती बाहेर व्हरांड्यात आली.

"पोचलं काय गं तुजं मामा?" मामींचा आवाज दमलेला होता.

"हो. आहेत इथंच."

"औषध मागाय लागलं असतील."

"मामी, ते औषध नाही. मी सांगितलंय त्यांना तसं."

"ते मला ठावं हाय, बाळ." मामी श्वास घ्यायला थांबल्या. "म्हैनाभर माणूस नुसतं भिताडाकडं बघत बसून हुतं. परवा पेपर वाचला आणि उठलं. दाढी केली. जेवलं. म्हटलं, जाऊ दे." मग त्यांनी विचारलं, "आल्या आल्याच सांगितलंस?"

"हो."

"पाचच्या एसटीनं माघारी येणार हुतं ते. तवर तरी त्येंची आशा ऱ्हाऊ द्यायची हुतीस."

पूर्णिमानं मागं वळून पाहिलं. दाराच्या काचेतून आत मामांची वाकलेली पाठ दिसत होती.

"आता काय करत्यात?"

"सूक्ष्मदर्शकातून पेशी बघतायत."

"मग बघू दे," मामी म्हणाल्या. "उठवू नगंस त्यास्नी."