पेरूखालची ऊब

न्हाणीघरात हेरंबने गरम पाण्याचा नळ सोडला, की पाळण्यातल्या चिमीचे तळवे गार पडायचे. "काहीतरीच तुझं!" बायकोने, मृणालने हे सांगितलं, की तो म्हणायचा. जोडबंगल्याच्या सामाईक परसात खोल पुरलेल्या नळ्या जमिनीतली ऊब ओढून दोन्ही घरांचं पाणी तापवत.

आज चिमीचे ओठही निळे पडले.

मृणालने सासूबाईंना विचारलं, "आई, दवाखान्यातून आणलेली चिमीची नाळ-वार तुम्ही कुठे पुरलीत?"

"परसात, पेरूखाली. का गं?"

नळ्या तिथूनच खाली गेल्या होत्या.

मृणालने न्हाणीघराचं दार बडवलं. "हेरंब, नळ बंद कर!"

पाणी थांबलं. चिमीचे ओठ हळूहळू गुलाबी झाले. मृणालने तिला छातीशी धरलं, तोच भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या बादलीत गरम पाण्याची धार पडू लागली.