कोपऱ्यावरची घंटी

सायकलची कॉटर पिन तिसऱ्या दिवशीही सापडली नाही, तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला. सापडणार तरी कशी? त्यांच्या शिवणाच्या डब्यात, काळ्या रिळाखाली ती सुखरूप पडली होती.

"तिच्याशिवाय पेडलचा दांडा बसत नाही," काका म्हणाले आणि कपाळाला एक आठी न पाडता चहा मागितला.

काका तीस वर्षं कारखान्याच्या भांडारात होते. घरातही खिळ्याखिळ्याला डबा आणि डब्याडब्याला चिठ्ठी. पेनाचं टोपण जागेवर नसलं तर घर डोक्यावर घ्यायचे. पण सायकलीचा भाग हरवला की नुसतं, "बघू, मिळेल." वय झालं, काकूंनी मनाशी ठरवून टाकलं. म्हातारपणाचा तेवढा तरी फायदा.

सायकल लग्नाआधीची, जाडजूड पोलादी. लग्न झाल्या झाल्या काकांनी ती माळ्यावर टाकली. "आता कुणासाठी दामटायची?" म्हणाले होते. यंदा खाली काढली तेव्हा गंजाने तांबडी झाली होती. काकू म्हणाल्या, भंगारात द्या. काकांनी चार महिने ती घासली, तारा एकेक करून ताणल्या, मडगार्डवरची सोनेरी रेघ श्वास रोखून ओढली. नव्या रंगाला ओरखडा नको म्हणून रंगाऱ्याकडून घरापर्यंत हातात धरून आणली. इथवर काकूंची हरकत नव्हती. निवृत्त नवरा अंगणात गुंतलेला बरा.

घोळ घातला तो पोस्टमास्तरांनी. शेजारचेच, रोज चहाला हजर. टिंगटिंग घंटी वाजवून म्हणाले, "काय वहिनी, याच घंटीला भुललात ना?"

काकू या वयात लाजल्या. खोटं काय होतं त्यात? लग्न ठरलं त्या वर्षी दर रविवारी त्यांच्या कोपऱ्यावर हीच घंटी वाजायची. त्या धावत खिडकीशी येईपर्यंत हे दारात उभे. एक हात सीटवर, पँटला क्लिपा, सदरा घामाने भिजलेला. चार मैलांचा रस्ता! "मला मागे बसवा ना," त्या म्हणायच्या. "कॅरियर कच्चं आहे," हे म्हणायचे. केवढी काळजी!

"मग या रविवारी तळ्यापर्यंत होऊन जाऊ दे," पोस्टमास्तर म्हणाले. "मीही माझी काढतो. की गुडघे गहाण टाकलेत?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. "येतो की. त्यात काय?"

गेल्याच वर्षी चक्कर येऊन काका स्टुलावरून पडले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडलात तर खुब्याचं हाड गेलंच समजा. पण नको म्हणावं तर हा माणूस हट्टाला पेटणार. तेव्हा काकूंनी सरळ वाट सोडली.

आधी त्यांनी ब्रेकचे रबर पळवले. लगेच पोस्टमास्तरांनी आपल्याकडचे जादा रबर आणून दिले. मेला मदतीला कायम पुढे! काकांचाही चेहरा पडला. फुकटची वस्तू त्यांना कधी रुचली नाही. मग काकूंनी पिन उचलली. शुक्रवारी पोस्टमास्तर म्हणाले, "पिनेचं काय घेऊन बसलात? मिस्त्रीकडे ढिगाने असतात." पण त्याच दुपारी देव पावला. काकूंनी हातही लावला नव्हता, तरी चेनची दोन टोकं जोडणारं लॉक हरवलं.

शनिवारी सकाळी काका सायकल मिस्त्रीकडे जाऊन आले. "काय मिळतं, काय नाही, ते तो संध्याकाळी घरीच येऊन सांगतो म्हणालाय," एवढं बोलले आणि जेवून गाढ झोपले.

काकू तडक दुकानात पोचल्या. मिस्त्री रिम फिरवून बघत होता.

"भाऊ, माझ्यासाठी एक खोटं बोलशील?"

रिम थांबलं. "केवढं?"

काकूंनी रुमालाची गाठ सोडली. पिन आणि रबर फळीवर ठेवले. "एवढ्या जुन्या सायकलीचं सामान आता मिळत नाही, असं सांग त्यांना. उद्या पडले तर उठायचे नाहीत रे ते."

मिस्त्री पिनेकडे बघत राहिला. मग त्याने वाकून फळीखालून एक डबा काढला. त्यावर काकांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: "न मिळणारे भाग."

आत चेनचं लॉक होतं. शेजारी दोन नव्याकोऱ्या पिना.

"लॉक सकाळीच देऊन गेले, पिना माझ्याकडच्याच विकत घेऊन यात टाकल्या. तुम्ही म्हणताय ना, ते अस्संच्या अस्सं मी तुमच्यासमोर येऊन बोलायचंय."

काकू बाकावर टेकल्या. छातीवरचा धोंडा उतरला, हसूही आलं. "म्हणजे घाबरले एकदाचे! डॉक्टरांचं ऐकलं म्हणायचं."

"डॉक्टरांचं कशाला, काकू," मिस्त्रीने कान खाजवला. "तुम्हाला सांगू नको म्हणालेत. सायकल चालवता त्यांना कधी आलीच नाही. चार मैल हातात धरून चालत यायचे म्हणे, आणि तुमचा कोपरा आला की तेवढी घंटी वाजवायचे."