बाटलीवरचा आकडा

शिवहारनं पाटीचा दुसरा स्क्रू सोडवला, तेवढ्यात मागून थोरल्या भावाचा, भागवतचा आवाज आला.

"काहून काढून राहिला रे?"

"तुझं नाव घालून नवी आणतो, दादा."

कुरुंद्यातल्या नव्या घराच्या दाराशेजारी ती पितळी पाटी होती. तिच्यावर एकच नाव, शिवहारचं. ती करवून आणली होती भागवतनंच. वडील गेल्यावर भागवतनं नववीतून शाळा सोडली आणि हळद शिजवायला उभा राहिला. त्याच्या बायकोनं, सीमानं, नांदेडला शिकणाऱ्या दिरासाठी पाच वर्षं रोज सकाळच्या एसटीनं डबा धाडला. आणि पाटीवर नाव कुणाचं, तर आयता डबा खाणाऱ्याचं. शिवहारला त्या पाटीजवळून घरात शिरायची लाज वाटत होती.

त्याची नोकरी स्कॉटलंडात, व्हिस्की मिसळण्याची. गावाच्या मते तो पगार घेऊन दिवसभर पितो. खरं तर तो पेल्यातल्या व्हिस्कीत पाणी घालून दिवसभर नुसता वास घेतो. कढईतली हळद वासावरून ओळखायला त्याला भागवतनंच शिकवलं होतं. त्या नाकावर आपलं पोट चालतं, हे तो एक दिवसही विसरला नव्हता.

स्वतः जमवलेल्या मिश्रणाची पहिली बाटली त्यानं घरी दाखवायला आणली होती. घरात पिणारं कुणी नाही. सीमानं ती देवघरापासून लांब, टीव्हीशेजारी मांडली होती. दोघा भावांची हुज्जत ऐकून सीमा बाटली घेऊनच बाहेर आली.

"भाऊजी, ह्यो बाराचा आकडा कशाचा हो?"

"वयाचा, वहिनी. हिच्यात तीसेक ठिकाणची व्हिस्की हाये. काही नुसत्या सातूची, वासाला कडक. काही गव्हाची, गरीब सभावाची, ती समद्यांना सांभाळून घेते. लाकडी पिंपात कुणी अठरा वर्षं मुरली, कुणी पंचवीस."

"मंग बाराच काहून?" भागवतनं विचारलं.

"कायदाच हाये तसा. समद्यात धाकटीचंच वय लिहायचं. थोरल्यांचा आकडा न्हाई येत. पण त्यांच्याबिगर चव न्हाई."

भागवतनं त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. लोंबकळणारी पाटी सरळ केली आणि सुटलेले स्क्रू पुन्हा बसवायला घेतले.

"मंग पाटी बराबर हाये की. आपल्यात धाकटा तूच हाइस."