वाकड्या वेण्या

लग्नानंतर अबेनी पहिल्यांदाच इबादानला माहेरी आली, तीही नवऱ्यासोबत, उभ्या उभ्या. मोरेनिकेनं लेकीला पुढ्यात बसवलं, तिच्या दाट कुरळ्या केसांना शियाच्या बियांचं लोणी चोळलं आणि फणी लावली. लहानपणी एवढ्यावरच अबेनी घर डोक्यावर घ्यायची. आज मात्र हूं की चूं नाही.

अर्ध्या डोक्यावर बारीक वेण्या झाल्या. कानामागचे केस बाजूला करताना मोरेनिकेची बोटं थबकली. खाली टाके होते. शेजारी एक जुना व्रणही होता.

"तिथं भांग नको पाडूस, आई," अबेनी पुटपुटली. "तुला कळलंय हे त्याला कळेल."

तेवढ्यात जावई दारात आला. "झालं का, आई? निघायचंय आम्हाला."

मोरेनिके हसली. "केस आहेत की रान, जावईबापू! तुम्ही व्हा पुढे. उद्या मीच आणून सोडते हिला."

"थांबतो मी." खुर्ची ओढून तो समोरच बसला.

"अगंबाई, वाकड्या आल्या की गं या!" म्हणत मोरेनिके घातलेल्या वेण्या एकेक करून सोडू लागली. तिचे मुलगे कामावरून परतायला अजून संध्याकाळ व्हायची होती.