तिसरी फळी

प्रोग्रामरबाईंची दुरुस्ती तयार होती. पाच वाजता ती सगळ्या खेळाडूंकडे जाणार होती आणि अकरा वर्षांची बोच एकदाची संपणार होती.

बोच होती त्यांनी बनवलेल्या संगणकावरच्या खेळातल्या पुलाच्या तिसऱ्या फळीची. फळी दिसायची छान, पण पाय ठेवला की खेळाडू थेट नदीत. जमवलेलं सगळं वाहून जायचं आणि रिकाम्या हातांनी पोहत पलीकडच्या काठाला लागायचं. फळीला टणकपणा द्यायचं बाई विसरल्या होत्या, बस्स. पुढे कंपनी नव्या खेळांच्या मागे लागली आणि चूक राहिली ती राहिलीच. कुणी त्या खेळाचं कौतुक केलं, तरी बाईंची मान खाली जायची.

कौतुक मात्र थांबत नव्हतं. जाहिरात नाही, काही नाही, तरी दर आठवड्याला नवे लोक तो जुना खेळ विकत घेत होते. चित्रकार म्हणायचा, माझे रंग. संगीतकार म्हणायचा, माझी बासरी. साहेब दोघांनाही हो म्हणायचे, कारण खरं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

साडेचारला बाईंनी ती चूक शेवटची एकदा बघून घ्यायला खेळात नवं नाव घेतलं, हेडफोन लावला आणि कुठल्याही नवख्यासारख्या पुलावर चढल्या. एक फळी. दुसरी.

"थांब बाळ!"

बाई दचकल्या. पन्नाशीत त्यांना बाळ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. समोर पिवळ्या टोपीतली एक खेळाडू उभी होती. आवाज चांगला सत्तरीतला.

"पुढची फळी फसवी आहे. माझा हात धर, मी ओढून घेते."

हात धरायची सोय बाईंनीच केली होती, जत्रेतल्या नाचासाठी. त्यांनी हात धरला आणि फळीवरून अलगद पलीकडे आल्या.

"तुम्ही इथे कशा उभ्या, आजी?"

"सकाळी मला जावयाने पार केलं. त्याला कुण्या नर्सबाईंनी, त्यांना आणखी कुणी. जो पार होतो, तो पुढचा येईपर्यंत थांबतो. मगच जायचं." आजी खुदकन हसल्या. "जावयाच्या पाळीला दोन तास कुणी फिरकेना. मग काय, सासूलाच खेळ घेऊन दिला की!"

"आणि अगदी पहिला कोण?"

"तो पडला म्हणे. सगळं गेलं बिचाऱ्याचं. पोहत काठाला लागला आणि पुढे जायचं सोडून पुलावर परत आला, मागच्याला सांगायला. अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ही जागा रिकामी नाही बघ."

बाईंनी हे जग ओळ न् ओळ लिहिलं होतं. नदी, डोंगर, जत्रा, सगळं. हे त्यांनी लिहिलं नव्हतं. एकमेकांचं नावही माहीत नसलेली माणसं अकरा वर्षं इथे पाळीने उभी होती, आणि आपण बसलो होतो चुकीची लाज धरून! बाईंचे डोळे भरून आले.

"चल, आता तुझी पाळी," आजी म्हणाल्या. "मला तो डोंगर चढायचाय. इथे गुडघे दुखत नाहीत." आणि पिवळी टोपी उड्या मारत निघूनही गेली.

दारात साहेब आले. "पाच वाजले, बाई. पाठवायची ना दुरुस्ती?"

"नाही साहेब."

"नाही? का?"

"मग सांगते. आत्ता मला उठता यायचं नाही," पडद्यावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या. "पुलावर कुणीतरी चढलंय."

आणि त्यांनी हात पुढे केला.